रोज पहिला दिवस

प्रिय धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी खुर्ची शोधली असशील, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. अम्मी आहे. तुझे दुल्हाभाई आहेत, त्यांचं पोटही आहे आणि ते त्यांच्या दोन पावलं पुढे चालतं. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर आपण दोघी मोजून चार मिनिटं बोलतो. दोन मिनिटं आवाज येतोय की नाही हे ठरवण्यात जातात, एका मिनिटात तू अम्मीची तब्येत विचारतेस आणि उरलेल्या मिनिटात मी 'तशीच आहे' म्हणते. त्या 'तशीच'खाली मी गेले कित्येक महिने काय काय दडपलंय ते आज बाहेर काढते. दुपारची वेळ आहे, अम्मी खिचडीचे सहा चमचे खाऊन पडली आहे, आणि मी शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. ओळी वाकड्या आल्या तर दोष मशीनचा.

हे मशीन अम्मीच्या खोलीत आलं त्याला चौदा महिने झाले, म्हणजे तिला पहिला झटका आला तेव्हापासून. दुकानातलं माझं ऑल्टरेशनचं काउंटर बंद झालं. मालक भला माणूस, तो कपडे घरी पाठवतो, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. 'कंबर दोन इंच सैल करणे, कापड आटले आहे.' वीस वर्षं हे काम करते, अजून मला आटलेलं कापड भेटायचंय. पण चिठ्ठीत लिहिलेलं खरं मानून मी उसवते, वाढवते, पुन्हा शिवते. लोकांचं खोटं सांभाळून घ्यायची मला इतकी सवय झाली आहे की आता स्वतःशी खरं बोलायचं तरी शिवण सापडत नाही.

अम्मीची उजवी बाजू गेली हे तुला माहीत आहे. तू आलीस तेव्हा पाहिलंस, दोन दिवस तिचे पाय चोळलेस आणि तुझ्या लॅबमधल्या लोकांच्या रक्ताच्या बाटल्या वाट पाहत होत्या म्हणून गेलीस. मी त्याबद्दल टोमणा मारत नाहीये. बरं, थोडा मारतेय. तू गेल्यावर वाचा शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते असतात. केळं, किल्ली, कंगवा. पंचेचाळीस वर्षं मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन शिकवलेल्या बाईपुढे त्या केळं धरायच्या आणि म्हणायच्या, हे काय आहे सांगा बरं. अम्मी त्यांच्याकडे अशी बघायची की मला केळ्याची दया यायची. तिला कळत सगळं होतं. जिभेपर्यंत पोचत नव्हतं.

मग एके दुपारी मी एका पँटची पट्टी दुमडत होते आणि सवयीने कुरआनातली यासीन पुटपुटत होते. अर्ध्या आयतीवर दोरा तोडायला थांबले. दोरा दातात, आणि पाठीमागून उरलेली आयत आली. सावकाश, जड, पण एकही अक्षर न गाळता. मी वळले तर अम्मी माझ्याकडे रागाने बघत होती. आयत मध्ये तोडल्याबद्दल. धाकटे, मी त्या माणसाची पँट घट्ट उराशी धरून रडले. नंतर ती धुऊन पाठवली.

बाई म्हणाल्या की असं होतं. पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतं, तिथलं वाचलेलं असेल. हाच दरवाजा आहे, रोज उघडत राहा, एक दिवस चुकवू नका, मागून बाकीचे शब्द येतील. मी रोज बसायला लागले. मी अर्धी आयत म्हणायची, ती पुरी करायची. तीन आठवड्यांनी एका आयतीनंतर ती पटकन 'पाणी' म्हणाली. मी पेला आणायला इतकी धावले की तुझ्या दुल्हाभाईंना वाटलं आग लागली. त्यानंतर 'उशी' आला, मग 'बस', मग एकदा माझ्या स्वयंपाकाबद्दल एक शब्द आला तो लिहीत नाही.

आणि मग माझी पाळी आली.

तुला काय सांगायचं, आपण एकाच चटईवर वाढलो. त्या दिवसांत नमाज नाही, कुरआनला हात नाही, तोंडाने आयत नाही. दुआ चालते, दुसऱ्याचं ऐकलेलं चालतं. हे मी अम्मीकडूनच शिकले, आणि आजवर मोडलं नाही. बाकी हज्जार गोष्टी मोडल्या. पूर्वी ही पाळी वर्तमानपत्रासारखी यायची, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती नवऱ्याकडच्या पाहुण्यांसारखी येते. कळवत नाही, आणि आली की जायचं नाव घेत नाही. पहिल्या वेळी आठ दिवस गेले. रोज दुपारी अम्मी माझ्याकडे तोंड किंचित उघडून बघत राहायची, घास भरवायच्या आधी बघते तशी. मी दोरा ओवत राहायचे. तिला सांगितलं, अम्मी, मला अडचण आहे. तिने मान हलवली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोंड उघडलं. आठ दिवसांनी बसलो तेव्हा 'उशी' गेला होता.

मी सगळं करून पाहिलं. मोबाइलवर कारीसाहेबांचं पठण लावलं. आवाज सुंदर, पण ते थांबत नाहीत. कोणीतरी उरलेली आयत घेऊन वाट बघतंय हे त्यांना कुठून कळणार. मी बटण दाबून थांबवायचे, तर अम्मी मोबाइलच्या मागे बघायची, माणूस कुठे गेला म्हणून. मग तुझ्या दुल्हाभाईंना बसवलं. ते कुरआन विजेचं बिल वाचल्यासारखं वाचतात, हे मी निकाहानंतर पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं. त्यांच्या दुसऱ्या आयतीला, जिला 'कंगवा' म्हणता येत नाही त्या आपल्या अम्मीने जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. चुकलं. तिसऱ्या आयतीला पुन्हा. ते उठले आणि म्हणाले की त्यांना बाजारात काम आहे. अजून त्यांचं ते काम संपलेलं नाही.

मौलानासाहेबांना विचारलं. मला वाटलं होतं ते ठणकावून एक काय ते सांगतील, हो किंवा नाही. ते फार मऊ बोलले. म्हणाले, काही आलिम सूट देतात, पाठ केलेलं विसरायची भीती असेल त्या बाईला. पण तुमच्या घरात दुसरं मत चालत आलंय, तुमच्या अम्मींनी अर्ध्या गावाला तेच शिकवलंय. तुमच्या मनाला काय पटतं ते बघा, अल्लाह नियत जाणतो. वाचा शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धर्मातलं मी काय सांगणार, पण मेंदूला खाडे परवडत नाहीत, तुमचं तुम्ही बघा. दोघंही भली माणसं. दोघांनी माझा प्रश्न व्यवस्थित घडी घालून मला परत दिला. मला नियमाचा राग आला असता ना, तर सोपं झालं असतं. राग येत नाही. त्या सूटवाल्या मतावर बोट ठेवून मी एक दुपार अम्मीसमोर बसलेही. पण तिच्या डोळ्यांत बघून, तिनेच जे करू नको म्हणून शिकवलं ते तिच्याच भल्यासाठी करायला माझं तोंड उघडेना. तोंड उघडून बसलेली ती, आणि तोंड मिटून बसलेली मी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पोहरा माझ्याच हातात.

मग मला अम्मीची जुनी युक्ती आठवली. वर्गातल्या मोठ्या मुलींना अडचण असली की ती त्यांना रांगेच्या टोकाला बसवायची आणि शब्द तोडून शिकवायची. एक शब्द, मग थांबायचं. दुसरा शब्द, मग थांबायचं. सलग आयत कोणी म्हणत नाही, म्हणजे पठण होत नाही, आणि धडाही बुडत नाही. तिला तसं तिच्या उस्तानीने शिकवलं होतं. मला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की मी आरशात जाऊन आले. पुढच्या वेळी पाळी आली तेव्हा मी तसंच सुरू केलं. मी एक शब्द, थांबले. अम्मी पुढचा शब्द. थांबली. दोन दिवस इतकं छान चाललं की तिसऱ्या दिवशी काही होणार हे मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तिला दुसरा झटका आला. लहान होता, म्हणून तुला कळवलं नाही. शिव्या दे. दवाखान्यातून दोन दिवसांत घरी आली. वरून फरक दिसत नव्हता, फक्त आता लघवी कळत नाही. म्हणजे डायपर. ते मी बांधते, मीच बदलते, आणि ते करताना ती छताकडे बघते. मी तोंडाने काहीतरी बडबडत राहते, दुकानातल्या कमरांबद्दल, म्हणजे तिला लाज वाटू नये. आठवड्याने माझं संपलं, मी नहाले, स्वच्छ होऊन तिच्यासमोर बसले, अर्धी आयत म्हटली आणि थांबले. अम्मीने डावा हात उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवला. मान हलवली. मग एक बोट वर केलं.

मी पाणी दिलं. नको. एक उशी काढली. नको. अल्लाह एक आहे असं म्हणतेय का, म्हणून मी कलमा म्हटला. तिने डोळे मिटले, कंटाळून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओठांवर हात, एक बोट. उसवलेला टाका लांबून ओळखणारी बाई मी, मला हे कळायला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी मी डायपर बदलत होते आणि तिने तेच बोट डायपरकडे वळवलं. मग ओठांकडे. मग पुन्हा वर, एक.

तिला वाटतंय तिला पाळी आली आहे, धाकटे. त्र्याहत्तराव्या वर्षी. मी तिच्याशी शब्द तोडून बोलले, अडचणीतल्या मुलींशी ती बोलायची तसं, आणि त्याच आठवड्यात तिच्या पायांमध्ये ते बांधलं. तिने दोन आणि दोन चार केले. शिकवलेलं विसरली नाही, म्हणून तर पठण सोडून दिलं. आणि ते एक बोट म्हणजे, आज पहिला दिवस आहे.

मी तिला समजावलं. अम्मी, ही पाळी नाही, हे आजारपण आहे. ती ऐकते. मी तिचाच नियम तिला सांगितला, दहा दिवसांपुढे गेलं तर ती पाळी धरत नाहीत, आजार धरतात, वजूने हातपाय धुऊन सगळं म्हणता येतं. हे ऐकताना तिने मान डोलावली, बरोबर पाठ केलंस अशी. मी तिला गुसल घातलं, पार रीतसर, खुर्चीवर बसवून, डोक्यावरून तीनदा पाणी ओतत. कोरडं करून, स्वच्छ कपडे घालून पलंगावर आणलं. संध्याकाळी ती दोन आयती म्हणाली. मला वाटलं सुटले. सकाळी उठली, अंगाखालचं ओलं तिला जाणवलं, आणि एक बोट वर. पहिला दिवस. दुसऱ्या झटक्यापासून आदल्या दिवसाचं तिला काही आठवत नाही, आणि नियम सगळे आठवतात. दहा दिवस पुरे व्हायला आधी दुसरा तरी उजाडायला हवा ना. मी भिंतीवर दिवसांच्या रेघा काढल्या, तर शहाण्या माणसाने वेड्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघते. रोज गुसल घालायला जावं तर डॉक्टर म्हणतात छातीत सर्दी भरेल. वाचेच्या बाईंनी आता यायचं कमी केलं. म्हणाल्या, दरवाजा आतून लावून घेतलाय.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी मघाशी कागद बाजूला सारून दोन कॉलर उलटवल्या.

तुला आठवतं, अम्मीला स्वतःला अडचण असायची तेव्हा वर्ग कोण घ्यायचं? तू. दहा वर्षांची. तुझी पाळी सुरू व्हायची होती म्हणून तुला महिनाभर मोकळीक. अम्मी खुर्चीत गप्प बसायची, डाव्या हाताला तुला चटईवर बसवायची, तू सलग आयत म्हणायचीस आणि पंधरा घोड्या तुझ्यामागून म्हणायच्या, त्यात एक घोडी मी. मी चौदा वर्षांची, महिन्यातून तीनदा अडचण सांगून धडा चुकवणारी. अम्मी फक्त बोटं मोजून माझ्याकडे बघायची. तुझा आवाज, खरं सांगते, ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, इतका चांगला होता. मग साडेबाराव्या वर्षी एका सकाळी तू स्वतःहून जाऊन अम्मीला सांगितलंस. कोणाला कळलंही नसतं. तिने तुला माझ्या शेजारी रांगेच्या टोकाला बसवलं आणि त्या जागेवर पाववाल्याची बोबडी मुलगी आली. सात दिवसांनी नहाऊन तू परत तिथे बसायला गेलीस, तर अम्मी म्हणाली ती जागा लहानांची आहे, तू मोठी झालीस. तू विचारलंस, "मी सांगितलंच नसतं तर?" अम्मी म्हणाली, "तर मी तुला काहीच शिकवलं नाही, असं झालं असतं." तिला ती शाबासकी वाटली असणार. तुला ती थप्पड लागली. तू चटई गुंडाळलीस आणि त्यानंतर या घरात तुझ्या तोंडून आयत कोणी ऐकली नाही. सगळे म्हणतात धाकटी हट्टी. मी तेव्हा तुझ्या कानात काय म्हणाले ते फक्त तुला माहीत आहे. 'बरं झालं' म्हणाले होते. ते मला एकतीस वर्षं पुरलंय.

आता ऐक. एकोणीस दिवस झाले, सकाळी बोट वर करून झालं की अम्मी डाव्या हाताने पलंगाची कड थोपटते. मला वाटलं चादर टोचते. मग मी तिच्या नजरेमागे गेले. ती पलंगाच्या कठड्याएवढ्या उंचीवर बघते, दहा वर्षांच्या मुलीचं डोकं जिथे येईल तिथे. मी खाली चटई घातली. तिचा चेहरा उजळला. मग मी त्या चटईवर बसले, गुडघे करकरवत, आणि यासीन सुरू केली. स्वच्छ होते मी त्या दिवशी. तिने मला हलकेच ढकललं, बसची सीट दुसऱ्याची असल्यावर ढकलतात तसं. आणि बोलली. आयती सोडल्या तर दोन महिन्यांतला पहिला शब्द. "धाकटी." मी तुला कळवलं नाही. तेव्हापासून मी तीच चटई घालते, तिच्यावर बसते, आणि ती मला रोज ढकलते. म्हणून हे पत्र. तुला ते सगळं अजून येतं का मला माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई आत आली तर ती ओळखेल का, तेही नाही. तू आल्याने तिची वाचा येईल असं कोणी म्हणालेलं नाही, आणि डॉक्टर आता पुढचं विचारलं की चष्मा पुसतात. तिला वाटतं वर्ग खोळंबलाय, एवढंच. तू ये, त्या चटईवर बस, जमेल तितकं म्हण. आणि पाळीच्या तारखांचं तुझं तू बघ. माझ्याकडून त्याबद्दल एक शब्द निघणार नाही, दारातही नाही, नंतरही नाही.

तुझीच,
आपा